नौकेच्या इंजिनातील तेलदाबाचे निरीक्षण

नौकेच्या इंजिनातील तेलदाबाचे निरीक्षण म्हणजे इंजिनाच्या हलत्या भागांना वंगणतेल पुरविणाऱ्या मार्गातील दाब मापी, दिवा किंवा भोंगा यांच्या साहाय्याने सतत पाहणे, आणि तो ठरलेल्या मर्यादेखाली जाताच इंजिनाची हानी होण्यापूर्वी सावध होणे होय. रस्त्यावरील वाहनातही हीच व्यवस्था असते. परंतु तेथे तेलाचा लाल दिवा लागल्यास चालक गाडी कडेला घेऊन थांबवू शकतो. समुद्रात अशी कड नसते. इंजिन बंद केले तर नौका वारा, प्रवाह आणि लाटा यांच्या स्वाधीन होते. बंद न केले तर काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. या पेचामुळे नौकेवर तेलदाबाच्या निरीक्षणाला मोटारीतील निरीक्षणापेक्षा वेगळे महत्त्व आले आहे.

दाब नेमका कशाचा?

चार आघाती डिझेल इंजिनात वंगणतेल तळाच्या तेलपात्रात (कारागिरांच्या भाषेत 'चेंबर') साठलेले असते. जाळी बसविलेल्या नळीतून पंप ते ओढून घेतो आणि शीतक व गाळणी यांमधून मुख्य तेलवाहिनीत ढकलतो. तेथून ते क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे, कॅमशाफ्ट, टर्बोचार्जर इत्यादी ठिकाणी पोहोचते, बेअरिंगांच्या फटींतून गळते आणि पुन्हा तेलपात्रात पडते.

हा पंप बहुधा दातेरी चाकांचा असतो. तो प्रत्येक फेऱ्याला तेलाचे जवळजवळ ठरावीक घनफळ पुढे ढकलतो; दाब तो स्वतः निर्माण करत नाही. पुढच्या मार्गाने तेलाच्या वाहण्याला जो अडथळा होतो त्यातून दाब उत्पन्न होतो. त्यामुळे मापीवरील आकडा म्हणजे तेलपात्रातील तेलाचे मोजमाप नव्हे. तेलपात्रातील तेल निम्मे झाले तरी, जोवर नळीचे तोंड तेलात बुडालेले आहे तोवर, काटा पूर्वीच्याच जागी स्थिर राहतो. तेल कमी होत असल्याची सूचना काट्याकडून मिळेल या समजुतीने डिपस्टिक पाहणे टाळले जाते. तेल कमी झाल्याचे काटा सांगतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरा गैरसमज असा की, मापीवर दिसणारे तीन-चार बार दाबच क्रँकशाफ्टचे वजन आणि ज्वलनाचा आघात पेलतात. तसे नसते. फिरणारा दंड स्वतःच तेल ओढून पाचरीच्या आकाराच्या फटीत कोंबतो आणि त्या पाचरीत पंपाच्या दाबाच्या कितीतरी पट दाब तयार होतो. हे प्रथम ध्यानात आले ते बोशँप टॉवर या ब्रिटिश अभियंत्याच्या प्रयोगांत. इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेसाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर काम करताना (अहवाल १८८३) त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी भोक पाडले, तेव्हा तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर येऊ लागले. भोकात बसविलेले बूच आणि नंतर लाकडी खुंटी, दोन्ही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तेथे दाबमापी लावला. बेअरिंगवरील सरासरी भार प्रति चौरस इंच १०० पौंड असताना २०० पौंडांपर्यंत मोजणारा तो मापी आपली मर्यादा ओलांडून गेला. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने या घटनेची गणिती उपपत्ती मांडली आणि आधुनिक वंगणशास्त्राचा पाया घातला गेला.

पंपाचे काम या पाचरीला तेलाचा अखंड पुरवठा करणे आणि घर्षणाची उष्णता वाहून नेणे एवढेच आहे. परंतु पुरवठा तुटला की पाचर लगेच विरते, धातू धातूला टेकतो, बेअरिंगचा मऊ थर ('मेटल') वितळतो आणि इंजिन जाम होते.

काट्याचे वाचन

एक बार म्हणजे सुमारे १.०२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर किंवा १४.५ पौंड प्रति चौरस इंच. लहान व मध्यम नौकांवरील बहुतेक डिझेल इंजिनांत, तेल कामाच्या तापमानाला आल्यावर, चालत्या गतीला साधारण ३ ते ५ बार आणि मंद गतीला (निष्क्रिय फेऱ्यांवर) साधारण १ बारच्या आसपास दाब आढळतो. प्रत्यक्ष मर्यादा मात्र त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावयाची असते. 'दर हजार फेऱ्यांना दहा पौंड' असा एक ठोकताळा मोटारींच्या जगातून आला आहे. नौकेवर तो जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही.

इंजिन थंड असताना तेल दाट असते, त्यामुळे अडथळा अधिक आणि दाबही अधिक. तेल तापले की दाब उतरतो. हा उतार स्वाभाविक आहे. नवख्या मालकाला तो बिघाड वाटतो. दाब अवास्तव वाढू नये म्हणून तेलमार्गात एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरावीक दाबाला तो उघडतो आणि जादा तेल परत तेलपात्रात सोडतो.

या व्हॉल्व्हमुळे वाचनात एक महत्त्वाची बाब उद्भवते. इंजिन वेगात असताना पंप गरजेपेक्षा पुष्कळ जास्त तेल देतो. बेअरिंगे थोडी झिजली असली तरी ते जास्तीचे तेल झीज भरून काढते आणि काटा व्हॉल्व्हच्या ठरावाजवळच राहतो. मंद गतीला व्हॉल्व्ह बंद असतो, पंपाचे तेल मोजकेच असते आणि काटा खरा अडथळा दाखवितो. म्हणून इंजिनाची प्रकृती जाणण्यासाठी सर्वांत बोलका आकडा हा पूर्ण गतीचा नव्हे, तर दीर्घ फेरीनंतर धक्क्याला लागताना, तेल पूर्ण तापलेले असताना, मंद गतीला दिसणारा आकडा होय. बेअरिंगमधील गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाल्यास त्याच दाबाला व त्याच दाटपणाला आठपट तेल निसटते. झीज प्रारंभी हळू व नंतर झपाट्याने दाब का उतरविते, हे यावरून स्पष्ट होते.

एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांची मालिका अधिक उपयोगी असते. फेरे, तेलाचे किंवा पाण्याचे तापमान आणि दाब ही तीन वाचने प्रत्येक फेरीत एकाच परिस्थितीत टिपून ठेवली तर मंद गतीचा दाब एका हंगामात १.४ वरून ०.९ बारवर आला हे दिसते. तो आकडा मर्यादेच्या आत असला तरी त्याने काहीतरी सांगितलेले असते. मोठ्या जहाजांवर अशी नोंद इंजिन कक्षाच्या पाळीचा भागच असते. लहान नौकांवर ती क्वचितच आढळते.

मापनाची साधने

जुना व अजूनही विश्वासार्ह प्रकार म्हणजे फ्रेंच अभियंता यूजेन बूर्दों याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेला नळीचा मापी. चपट्या छेदाची वाकविलेली धातूची नळी आतील दाबाने सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाची हालचाल काट्याला मिळते. याला वीज लागत नाही, हा समुद्रावर मोठा गुण. मात्र मापी चालकाजवळ बसवायचा तर इंजिनापासून तेथपर्यंत दाबाखालील गरम तेलाची बारीक नळी न्यावी लागते; ती तडकली तर मापनाचे साधनच गळतीचे कारण बनते.

विजेवर चालणाऱ्या मापीत इंजिनावर एक संवेदक बसवितात. दाबानुसार त्याचा विद्युत रोध बदलतो. यात दोन प्रमुख रूढी आहेत. युरोपीय पद्धतीचा संवेदक शून्य दाबाला सुमारे १० ओहम व पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम दाखवितो. अमेरिकी पद्धतीचा शून्याला सुमारे २४० व पूर्ण दाबाला सुमारे ३३. एका पद्धतीचा संवेदक दुसऱ्या पद्धतीच्या मापीला जोडल्यास काटा उलटा चालतो, म्हणजे इंजिन बंद असताना दाब भरपूर आणि चालू झाल्यावर कमी दिसतो. सुटे भाग बदलताना ही चूक वारंवार होते.

तिसरे साधन म्हणजे दाबकळ. ठरावीक दाबाखाली तिचे विद्युत संपर्क जुळतात आणि दिवा व भोंगा सुरू होतात. अनेक लहान इंजिनांत ही मर्यादा ०.३ ते ०.५ बारच्या दरम्यान असते. पूर्ण गतीला चार बारची अपेक्षा असलेले इंजिन अर्ध्या बारवर आल्यावर वाजणारा भोंगा हा पूर्वसूचना नसून अखेरचा इशारा असतो, म्हणून मापी व दाबकळ दोन्ही असणे इष्ट. दोन्ही एकाच छिद्रात बसविण्यासाठी वापरली जाणारी पितळी तिहेरी जोडणी इंजिनाच्या कंपनांनी तडकू शकते. लवचीक नळीने ती इंजिनापासून दूर, बैठकीवर पक्की केलेली बरी.

दाबकळीची चाचणी करणे सोपे आहे. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी दाब शून्य असतो; त्यामुळे दिवा लागलाच पाहिजे व भोंगा वाजलाच पाहिजे. ते गप्प राहिले तर तार तुटली आहे, दिवा गेला आहे किंवा खाऱ्या हवेने जोड गंजला आहे. भोंग्याचा त्रास नको म्हणून त्याची तार काढून ठेवलेल्या नौकाही आढळतात. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत दाबाचे वाचन नियंत्रकाकडून एनएमईए २००० सारख्या जाळ्यावरून पडद्यावर येते; सोय वाढते, परंतु संवेदकातील बिघाड व तेलमार्गातील बिघाड वेगळा ओळखण्याची गरज कायम राहते. शंका आल्यास तात्पुरता बूर्दों मापी लावून दाब थेट मोजणे हा अजूनही अंतिम निवाडा मानला जातो.

दोन आघाती बाह्य इंजिनांत (आउटबोर्ड) तेल इंधनातच मिसळलेले असते किंवा वेगळ्या पंपाने त्यात सोडले जाते. तेथे दाबाचे तेलाभिसरण नसल्याने हे निरीक्षणही नसते.

नौकेवरील विशेष परिस्थिती

मोटारीचे इंजिन बहुतांशी सपाट राहते. नौकेवरील इंजिन मुळातच पंख्याच्या दांड्याच्या रोखाने थोडे तिरपे बसविलेले असते, शिडाची नौका वाऱ्यात एका कुशीवर कलते आणि लाटांवर सर्वच नौका डोलतात. तेलपात्रातील तेल एका बाजूला जाते, आणि पातळी कमी असेल तर नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते. पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि काटा थरथरतो. डोलण्याच्या लयीत काटा खाली जाऊन परत येणे किंवा भोंगा क्षणभर वाजून थांबणे हे पातळी कमी असल्याचे जवळजवळ निश्चित लक्षण आहे. नेमका हाच इशारा 'आपोआप थांबला' म्हणून दुर्लक्षिला जातो. डिपस्टिकची खूणही नौका पाण्यात नेहमीच्या समतोलात असताना पाहावयाची असते; किनाऱ्यावर ओढून तिरपी ठेवलेल्या नौकेत ती फसवी ठरते.

पाण्याचा संबंध येथे आणखी दोन प्रकारे येतो. समुद्राचे पाणी घेणाऱ्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले की इंजिन तापते, तेल पातळ होते आणि दाब उतरतो. अशा वेळी दोष तेलमार्गात नसतोच. तेलशीतकाची नळी आतून गंजून भोक पडल्यास, इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असल्याने तेल बाहेर जाते आणि नौकेमागे तवंग दिसतो. इंजिन बंद झाल्यावर उलट खारे पाणी तेलात शिरू शकते. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढुरके दिसते.

डिपस्टिकवरची पातळी चढणे हे, विचित्र वाटले तरी, उतरण्याइतकेच वाईट चिन्ह आहे. इंधनपंपाचा पडदा फाटला किंवा इंजेक्टर गळू लागला की डिझेल तेलपात्रात उतरते. पातळी वाढते, तेल पातळ होते, दाब घटतो. अशा तेलाला डिझेलचा वास येतो आणि बोटांत घासले असता त्याचा चिकटपणा गेलेला जाणवतो. दाब घटण्याची इतर कारणे म्हणजे झिजलेली बेअरिंगे, झिजलेला पंप, उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह, गाळाने बुजलेली जाळी, चुकीच्या दाटपणाचे तेल. दाब अचानक शून्यावर आला असता झीज हे कारण संभवत नाही. पंपाची चाल तुटणे, नळी फुटणे, तेल संपणे किंवा संवेदक बिघडणे यांपैकी काहीतरी असते.

दाब असामान्यपणे चढणेही दुर्लक्षणीय नाही. बंद अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह किंवा मापीच्या पुढे तुंबलेली वाहिनी असल्यास मापी भरघोस दाब दाखवितो; वाहिनी तुंबलेली असेल तर बेअरिंग मात्र उपाशी राहते. संवेदक गाळणीच्या आधी आहे की नंतर, हे माहीत असल्याखेरीज असे वाचन उमगत नाही.

स्वयंचलित बंदी आणि जहाजांचे अनुभव

मोठ्या जहाजांवर दाब उतरू लागताच प्रथम इशारा होतो, राखीव पंप सुरू होतो आणि तरीही दाब न सावरल्यास इंजिन आपोआप थांबते. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातील (सोलास) दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या भागात, वंगणतेलाचा पुरवठा तुटण्यासारख्या, त्वरित मोठी हानी किंवा स्फोट घडवू शकणाऱ्या बिघाडांसाठी अशी स्वयंचलित बंदी आवश्यक ठरविली आहे. ती डावलण्याची सोय ठेवण्यास प्रशासन परवानगी देऊ शकते, असेही तेथेच म्हटले आहे. जहाज एका बाजूला १५ अंशांपर्यंत स्थिर कललेले असताना, २२.५ अंशांपर्यंत डोलत असताना आणि त्याच वेळी पुढे-मागे ७.५ अंशांपर्यंत झुलत असताना मुख्य यंत्रे चालली पाहिजेत, अशीही अट त्याच भागात आहे. या अंशांचा तेलपात्रातील पातळीशी किती जवळचा संबंध आहे, हे पुढील दोन घटनांवरून दिसते.

२३ मार्च २०१९ रोजी 'व्हायकिंग स्काय' हे प्रवासी जहाज ट्रॉम्सोहून स्टाव्हांगरकडे जात असताना नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हुस्ताद्विका या उथळ, खडकाळ व कुप्रसिद्ध टापूत वादळात सापडले. जहाजावर १३७३ माणसे होती. हे डिझेल-विद्युत जहाज होते, म्हणजे डिझेल जनित्रांची वीज पंख्यांच्या मोटारींना मिळत होती. चार जनित्रांपैकी एक टर्बोचार्जरच्या बिघाडामुळे आधीच बंद होते. उरलेली तीन एकापाठोपाठ एक थांबली आणि जहाज वीज व चाल गमावून खडकांकडे वाहू लागले. नांगर टाकण्यात आले, काही इंजिने पुन्हा सुरू करण्यात आली आणि जहाज थोडक्यात वाचले. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आले. जहाज दुसऱ्या दिवशी मोल्डे बंदरात पोहोचले.

काही दिवसांतच नॉर्वेच्या सागरी प्राधिकरणाने कारण जाहीर केले: तेलदाब कमी झाल्यामुळे इंजिने थांबली. टाक्यांतील तेल ठरविलेल्या मर्यादेत होते, परंतु तुलनेने कमी होते. प्रचंड हेलकाव्यांनी ते इतके हलले की पंपांना पुरवठा तुटला. पुढील तपासात असे दिसून आले की, तेलटाक्या २८ ते ४० टक्के भरलेल्या होत्या, तर इंजिन निर्मात्याची शिफारस ६८ ते ७५ टक्क्यांची होती. स्वयंचलित बंदीने आपले काम अचूक केले होते. इंजिने वाचली, म्हणूनच ती पुन्हा सुरू करता आली. पण त्या बंदीनेच जहाज खडकांच्या तोंडी दिले होते, हेही तितकेच खरे. शांत समुद्रात त्याच टाक्यांवर जहाज बिनबोभाट चालत आले होते आणि दाबाचे मापी तोवर काहीच सांगत नव्हते.

१ ऑक्टोबर २०१५ रोजी 'एल फारो' हे अमेरिकी मालवाहू जहाज बहामा बेटांजवळ हुआकीन चक्रीवादळात बुडाले आणि त्यावरील सर्व ३३ जण मृत्यू पावले. ते बाष्पचक्कीवर चालणारे होते, तरी वंगणाचे तत्त्व तेच. वादळात शिरण्याच्या निर्णयासह या दुर्घटनेला अनेक कारणे होती. त्यांत एक असे की, जहाज दीर्घकाळ एका बाजूला कलून राहिल्याने मुख्य इंजिनाचा तेलदाब गेला आणि चाल थांबली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला.

इशारा मिळाल्यावर

लहान नौकेवर भोंगा वाजल्यास रूढ क्रम असा: गती तत्काळ मंद करणे, गिअर काढणे आणि नौका सुरक्षित पाण्यात असेल तर इंजिन थांबविणे. खोली नांगर टाकण्याजोगी असल्यास नांगर तयार ठेवणे हे इंजिनाचे झाकण उघडण्याच्या आधीचे काम आहे. त्यानंतर डिपस्टिक, तळाच्या पाण्यावरचे तेल, गाळणीची सैल झालेली बैठक, तुटलेली नळी आणि शेवटी संवेदकाची तार पाहिली जाते. पातळी योग्य आहे, गळती नाही, इंजिन हाताला नेहमीपेक्षा गरम नाही आणि त्यातून खडखडही येत नव्हती, तर संवेदकावर संशय घेता येतो, आधी नाही. कारण न सापडता इंजिन पुन्हा सुरू करून पाहणे बहुधा महागात पडते.

नौका खाडीच्या मुखावरील फुटत्या लाटांत किंवा खडकांच्या वाऱ्याकडील बाजूला असेल तर हा क्रम उलटतो. इंजिनाची किंमत देऊन नौका व माणसे बाहेर काढणे योग्य, हे नाविकांत सर्वमान्य आहे. मंद भाराने चालविलेले इंजिन कमी दाबातही कधी काही मिनिटे तग धरते. किती, ते आधी कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच बहुतेक लहान नौकांवर भोंगा असतो पण स्वयंचलित बंदी नसते. निर्णय तांडेलाकडे राहतो.

दीर्घ विश्रांतीनंतरची सुरुवात

कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौका पावसाळी मासेमारी बंदीत, साधारणतः १ जून ते ३१ जुलै, नांगरलेल्या किंवा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. यांतील अनेकांवर मालमोटारीच्या इंजिनावर आधारलेली सागरी डिझेल इंजिने आहेत. दोन महिन्यांत बेअरिंगांतले व वाहिन्यांतले तेल निथळून तेलपात्रात उतरते, गाळणीही रिकामी होऊ शकते. अशा इंजिनाला पहिल्याच झटक्यात सुरू करून गती देणे म्हणजे त्याला काही सेकंद तेलाविना फिरविणे होय. त्याऐवजी तेल व गाळणी बदलून, नवी गाळणी शक्य तेथे तेलाने भरून, इंधन बंद ठेवून स्टार्टरने थोडे थोडे फिरवितात. तेलाचा दिवा विझला किंवा काटा हलला की तेल पोहोचले असे समजून इंधन सोडतात. आर्द्र एक्झॉस्ट असलेल्या इंजिनात या वेळी समुद्रपाण्याचा झडपा बंद ठेवावा लागतो, अन्यथा न पेटलेल्या इंजिनात एक्झॉस्टमधून पाणी मागे भरते. इंजिन पेटताच तो उघडतात. मोठ्या जहाजांच्या इंजिनांत हेच काम सुरुवातीपूर्वी चालणारा स्वतंत्र विद्युत पंप करतो. सुरू झाल्यावर दाब काही सेकंदांत चढला नाही तर इंजिन लगेच बंद करून तेलमार्ग तपासला जातो. हंगामाच्या पहिल्या दिवसाचा गरम, मंद गतीचा आकडा टिपून ठेवल्यास पुढील दहा महिन्यांची तुलना त्याच्याशी करता येते.